तोंडावर विचारणारी अंकिता

कोरेगावात औषधांची दुकानं पुष्कळ आहेत. पण गिऱ्हाइकाला "दारू घेता का?" असं तोंडावर विचारणारं दुकान एकच, अंकिता निकमचं. माझं चपलांचं दुकान तिच्या दुकानाला लागून आहे. मध्ये एक पातळ भिंत, त्यामुळं तिचं बोलणं मला ऐकावंच लागतं.

अंकिता माहेरची शिराळ्याकडची. बी.फार्म. झाली, लग्न होऊन इकडं आली. नवरा साखर कारखान्यात. दुकान तिचं, लायसन तिच्या नावावर. पहिल्या वर्षी लोक काउंटरवर टकटक करून विचारायचे, "मालक कवा येनार?" ती म्हणायची, "आलेत. बोला."

दारूचं ती सगळ्यांना विचारत नसे. दाढ सुजली, पोट बिघडलं की डॉक्टर मेट्रोनिडाझोल नावाची गोळी लिहून देतात, त्या गोळीच्या वेळी विचारायची. सगळ्याच अँटिबायोटिकचं तसं नसतं, पण या गोळीवर दारू घेतली तर तोंड लालबुंद होऊ शकतं, ओकाऱ्या सुटतात, छाती धडधडते. आणि दारूसाठी गोळ्याच मध्ये बंद करणारे भेटले की तिचा पारा आणखी चढायचा. "गोळ्या सोडून पिताय? मग पार्टी तुमची नाही, जंतूंची चाललीय," ती सुनवायची. काही जण हसायचे. काही तरातरा समोरच्या दुकानात जायचे, तिथं कुणी काही विचारत नाही. सासऱ्यांनी एकदा सांगून पाहिलं, "पोरी, गिऱ्हाईक तुटतंय." ती म्हणाली, "तुटू दे. मी विचारणार."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रिटायर हवालदार मानसिंग बर्गे गाल धरून आले. बावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, मिशीला पीळ, गावात वजन. दाढेत पू झाला होता. दुकानात चार-पाच जण उभे होते. अंकितानं चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "काका, घेता का?"

मानसिंगकाका ताठ झाले. "मी? शिवत न्हाई दारूला."

साताऱ्याच्या मिलिटरी कँटीनमधून दर महिन्याला त्यांच्या पिशवीत काय येतं, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. मी भिंतीआड हसलो. अंकितानं पाकिटावर लाल पेनानं मोठ्ठी फुली मारली. "पाच दिवस गोळ्या, आणि शेवटच्या गोळीनंतर तीन दिवस, दारू बंद. शिवत नसलात तरी ऐकून ठेवा."

हा गुरुवार होता. रविवारी काकांच्या धाकट्या पुतण्याची, शिवतेजची, सैन्यात निवड झाल्याची जेवणावळ झाली. बोकड पडलं. पुतण्यानं आपली वाट धरली म्हणून काका खुशीत होते. तीन दिवस आवरलं होतं, त्या दुपारी दोन पेग घेतले. ताटावर बसायच्या आत तोंड तांबडं झालं, घामानं सदरा भिजला, छाती धाडधाड उडायला लागली आणि ओकाऱ्या थांबेनात. हार्ट ॲटॅक म्हणून उचलून दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी विचारलं, "दारू घेतली होती का?" थोरला पुतण्या ऋषिराज म्हणाला, "न्हाई." सलाईन लावलं, छातीची ईसीजीची पट्टी काढली, ती चांगली निघाली. मग गावभर एकच झालं: गोळ्यांनी घात केला.

सोमवारी सकाळी ऋषिराज आठ-दहा जण घेऊन अंकिताच्या दारात आला.

"डुप्लिकेट गोळ्या इकताय व्हय? शटर खाली घ्या!"

अंकितानं बिलाची फाईल काढून काउंटरवर ठेवली. "हा बॅच नंबर, हे खरेदीचं बिल. औषध निरीक्षकांचा फोन नंबर मी देते, लावा आत्ताच. पण आधी सांगा, काका काल प्यायले होते का?"

"आमच्या चुलत्याचं नाव काढायचं न्हाई!"

"नाव नाही काढत. प्यायले होते का?"

"आवं, बाईमानसानं जपून बोलावं."

"प्यायले होते का?"

कुणीतरी शटरला हात घातला. ती काउंटरमागून बाहेर आली आणि बरोबर शटरखाली उभी राहिली. "ओढा. डोक्यावर पडलं तरी इथनं हलणार नाही."

मी मध्ये पडायला हवं होतं. माझ्या हातात एका गिऱ्हाइकाची चप्पल होती आणि मी ती धरूनच उभा राहिलो. हे सांगायला मला लाज वाटते.

तेवढ्यात रिक्षा थांबली. मानसिंगकाकांची बायको साळूबाई दवाखान्यातून घरी निघाली होती, गर्दी बघून उतरली. लुगड्याचा पदर खोचत ती सरळ पुढं आली.

"ऋषिराज, हात काढ शटरचा."

"काकी, तुमी मधी पडू नका."

"दोन पेग घेतलं हुतं त्यांनी. मीच बरफ नेऊन दिला. मगाशी डॉक्टरला बी मीच सांगून आले. तू काल न्हाई म्हनलास, का तर इज्जत जाईल म्हनून. मानूस गेला असता तर इज्जत काय चुलीत घालायची हुती?"

"घरातलं हितं चवाट्यावर कशाला, काकी?"

"चवाट्यावर तू आनलंस. मी खरं तेवढं सांगतीया."

माणसं एकेक करून पांगली. ऋषिराजनं गाडीला किक मारली. मग साळूबाई अंकिताकडं वळली. मला वाटलं, आता पाठीवरून हात फिरवेल. तर ती कडाडली, "आनि तू गं! चार बाप्यांच्या म्होरं इचारतीस. तितं कोन व्हय म्हनंल? बाजूला घेऊन इचारायचं, न्हाईतर मला इचारायचं."

अंकिता शटरखालून बाजूला झाली. मग ती म्हणाली, "चारचौघांत विचारलं ते माझं चुकलं, मावशी. विचारणं चुकलं नाही."

"त्ये म्या कुठं म्हनलं?"

पुढचे पंधरा दिवस दुकान ओस होतं. सासरे म्हणाले, बर्ग्यांच्या घरी जाऊन माफी माग. ती गेली नाही. मात्र काउंटरच्या टोकाला, फ्रीजच्या आडोशाला, तिनं एक स्टूल ठेवलं. आता तिथं बोलावून, आवाज खाली घेऊन विचारते. बायकांनाही विचारते. माझ्या आईला, रंगुबाईला, विचारलं तर म्हातारी म्हणाली, "जत्रंला घेते की घोटभर!" आमच्याच घरातलं हे मला माहीत नव्हतं.

महिन्याभरानं मानसिंगकाका आले. दाढ काढून टाकली होती आणि पुन्हा त्याच गोळ्या होत्या. अंकितानं स्टुलाकडं खूण केली. काका बसले नाहीत. भरल्या दुकानात परेडच्या आवाजात म्हणाले, "पितो मी. रोज दोन. किती दिवस बंद?"

"आठ."

"आठ म्हंजी आठ."

साळूबाईनं नंतर सांगितलं, आठ दिवस पाळले. सगळ्या घराशी भांडून पाळले. नवव्या दिवशी ओतली.

ऋषिराज अजून समोरच्याच दुकानातून औषध नेतो. अंकिता एकदा रस्ता ओलांडून तिथं गेली आणि मालकाला म्हणाली, "दादा, ही गोळी देताना दारूचं सांगत जा."

"गिऱ्हाईक जाईल, मॅडम."

"माझंही गेलंय. दुकान चालू आहे," म्हणाली, आणि परत येऊन काउंटरमागं उभी राहिली.