बद्द वाजलेला शू

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. सांगणार तरी कुणाला — माझ्या कानाला ओवाळणाऱ्या त्या मूर्खांना?

तेव्हा मी अहेरीला एका लाकूड-ठेकेदाराकडे ट्रकांचा मिस्त्री होतो. ब्रेकच्या लोखंडी शूवर लायनर, म्हणजे चाक धरणारी घासपट्टी, रिव्हेट ठोकून बसवायचा, ही आमची रीत. एकोणीसशे पन्नास साल उलटलं आणि नागपूरहून नवे शू आले — लायनर नुसता चिकटवलेला. मी सगळ्यांदेखत थुंकलो. डिंकानं पतंग चिकटवतात, म्हणालो; हे पहिल्याच उतारावर सुटेल. सोमाजी ड्रायव्हर हसला. "भाऊ, तुले नवं काईच काऊन पटत नाई?" त्याच्यामागे सगळा डेपो हसला. एका ड्रायव्हरचं हसणं — काय एवढं होतं त्यात? पण झोंबलं.

बाजारात मडकं घेताना बाई टिचकी मारून बघते ना, तसे मी ते शू पान्यानं वाजवून पाहिले. टणकन वाजला तर पकड पक्की. बद्द वाजला तर आतून सुटलेला. आणि वाजले कसे? एकापाठोपाठ एक, खणखणीत. चिकटवणारा माझ्याहून हुशार निघाला होता, आणि तेच मला नको होतं. शेवटचा तेवढा बद्द वाजला.

कुणीही शहाणा तो बाजूला ठेवतो. मला आनंद झाला — हो, आनंदच. तो मी सोमाजीच्या ट्रकच्या पुढच्या चाकात बसवला.

एटापल्लीच्या वाटेवर, सागवान भरलेलं असताना, उतारावर लायनर सुटला. ट्रक एका अंगाला ओढला जाऊन नाल्यात उलटला. ओंडक्याखाली सोमाजीचा पाय गेला. मिस्त्रीनं आधीच सांगितलं होतं, असं जो तो म्हणू लागला. ठेकेदारानं चांगले शूही परत धाडले. आणि मी? गंभीर चेहरा करून मान हलवत बसलो. तो चेहरा आठवला की आजही किळस येते.

पुढे लोक काहीबाही वाजवून घ्यायला माझ्याकडे येऊ लागले — पंप, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव, एकानं तर लेकीच्या आंदणाची घागर आणली. मी वाजवायचो, ते माना डोलवायचे. गाढवं. सोमाजीनं बाजारात पानठेला टाकला होता. एकदा माझ्यासमोरच, कुबडीवर रेलून, तो गिऱ्हाइकाला सांगत होता, "मी हासलो होतो, म्हून पाय गेला. भाऊचा कान खोटा बोलत नाई."

खरं आहे. कानानं मला नीट सांगितलं होतं.