माग थांबले नाहीत

आमच्या कारखान्यात एक रीत होती. मुकादमाला काढलं, की त्यानं गावाकडून आणलेली माणसं आपापले माग बंद करून त्याच्यामागे बाहेर पडायची. शेठला धाक होता तो एवढाच.

मला सुरतेला आणलं ते आमच्या शेजारच्या गावच्या मुकादमानं. तिथल्या नवागाम वस्तीतल्या आपल्या खोलीत पथारीपुरती जागा दिली, तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला शिकवलं. स्वतः मला भरपूर शिव्या घालायचा, पण दुसऱ्या कोणी घातली की त्याच्या अंगावर धावून जायचा. त्याच्यासाठी जीव देईन, असं मी चारचौघांत सांगत असे.

मग मी माती खाल्ली. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, दोन वेगळ्या लॉटचं सूत एकाच मागावर लावलं. कोऱ्या कापडात ते कळत नाही. ताके रंगवून आले तेव्हा सगळ्यांवर पट्टे उठले होते.

शेठ त्यातला एक ताका घेऊनच आत आला. कोणाचं काम, म्हणून ओरडायला लागला. मुकादमाला सगळं ठाऊक होतं. खडखडाटात ऐकू यावं म्हणून त्यानं माझ्या कानाशी तोंड आणलं. "घाबरू नको भो, मी शे ना." आणि पुढे होऊन, चूक स्वतःवर घेत, शेठच्या गुजरातीत म्हणाला, "शेठ, भूल मारी छे."

शेठनं त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं. त्यानं खिळ्यावरचा डबा घेतला आणि निघाला. बाकीचे सगळे माझ्याकडे बघत होते, कारण त्याचा सगळ्यात जवळचा मीच. मी माग बंद केला असता तर सगळ्यांनी केला असता. मी खाली वाकलो आणि धागा जोडायला लागलो. तो तुटलेला नव्हताच. बायकोपोरांची काळजी होती वगैरे आता सांगता येईल, पण खरं म्हणजे मी भित्रा होतो.

आठवडाभरात शेठनं मलाच मुकादम केलं. मी नाही म्हणालो नाही.

पुढे एकदा वॉचमन सहज बोलून गेला, की मुकादम त्या दिवशी फाटकाबाहेर बराच वेळ उभा होता. "कोणाची वाट बघत होता का हो?" त्यानं विचारलं. मी माहीत नाही म्हणालो.

आमच्या मागांचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. तो बंद होतो का, हे ऐकत तो उभा होता.