सासऱ्यांच्या बैलाचं रसग्रहण

माझ्या सासऱ्यांचा बैल सरकारदरबारी अस्तित्वात नाही, आणि ही कामगिरी माझी आहे.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पाऊस दडी मारून बसला होता. सासरे, म्हणजे मामा, देवणीजवळच्या गावात राहायचे. गावाला जनावरांसाठी चारा छावणी हवी होती. तीन अर्ज गेले, उत्तर नाही. पण नव्या कलेक्टर साहेबांना कवितेचं भारी वेड. (अर्ज वाचायला सवड नसे, कविसंमेलन मात्र एकही चुकत नसे!) तेव्हा गावानं चौथा अर्ज कवितेतच करायचं ठरवलं आणि भजनं रचणारे मामा कामाला लागले.

"जावईबापू, तुमी कॉलेजात शिकवता. साहेबांसमोर नुसती वाचा," मामा म्हणाले. "बाकी काय बी बोलू नका."

"वाचेन आणि बसेन," मी म्हणालो.

पुढच्या संमेलनात मी मामांची कविता वाचली:

दावणीला बैल, रिकामी गव्हाण,
मागते वैरण साहेबांना.

खाली छावणीची मागणी आणि गावाचं नाव. टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, "प्राध्यापक, जरा रसग्रहण करा की."

हा शब्द ऐकला की माझा माझ्यावर ताबा राहत नाही. रचना अभंगाची, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात, गव्हाण मागते म्हणजे चेतनगुणोक्ती. साहेब लिहून घेऊ लागले, तसा मला चेव आला.

"आणि हा बैल, साहेब, बैल नव्हेच! तो मराठवाड्याच्या सोशिकपणाचं प्रतीक आहे."

समोर मामा दोन्ही हात हलवत होते. मला वाटलं, दाद देताहेत.

"म्हणजे खरा बैल नाही?" साहेबांनी विचारलं.

"छे, इतका उथळ अर्थ कोण काढेल?"

"मग छावणी?"

"तीही प्रतीकच. आश्रयाचं."

साहेबांनी समाधानानं शेरा मारला: 'मजकूर साहित्यिक स्वरूपाचा. कार्यवाहीची गरज नाही.' मामांना मात्र शाल मिळाली.

परतताना मामा शाल काखोटीला मारून पुढे चालत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौथ्या दिवशी दारात टेम्पो थांबला. मामांनी बैल उतरवला आणि कासरा माझ्या हातात दिला.

"मामा, हे काय?"

"तुमचं प्रतीक हाय. वैरण घाला."

मागून गावातले आणखी दोन टेम्पो येत होते. पाऊस पडेपर्यंत मी अंगणात सहा प्रतीकांचं शेण काढलं. खोल अर्थ एकाही पाटीत सापडला नाही.