दोन-चार अक्षरांचं इंग्रजी गणगोत

माझे सासरे आयुष्यभर इंग्रजी शिकवून रिटायर झाले. रिटायर झाल्यावर शिकवायला कुणी उरलं नाही, तेव्हा मी त्यांच्या तावडीत सापडलो. एकोडीत सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. माझ्या सासूबाईही चारचौघांत गुरुजीच म्हणतात. बायको त्यांना बाबा म्हणते आणि सासूबाईंना आई. लग्नानंतर तिच्या मागोमाग मीही तसंच म्हणायला लागलो.

मी वरठीला लोखंडाच्या कारखान्यात कामाला आहे. सुट्टी मिळाली की बायकोला मोटरसायकलवर मागे बसवून साकोलीचा रस्ता धरतो. पूर्वी एकोडीला पोचलं की जेवण, झोप आणि परत, एवढाच कार्यक्रम असायचा. मग बायकोने बाबांसाठी इंग्रजी शब्दांच्या खेळाचा पट आणून दिला आणि माझी झोप गेली.

खेळ साधा आहे. ठोकळ्यांवर अक्षरं कोरलेली असतात, पिशवीत हात घालून आपले आपले काढायचे आणि पटावर शब्द जुळवत जायचे. सोप्या अक्षरांना कमी गुण, क्यू आणि झेडसारख्या अडेलतट्टूंना जास्त. दोन ठोकळे कोरे, ते कोणतंही अक्षर म्हणून चालतात. बाबांनी त्यात स्वतःचा एक नियम घातला. शब्द ठेवला की त्याचा अर्थ मराठीत सांगायचा. अर्थ आला नाही तर ठोकळे उचला.

"अर्थाशिवाय शब्द म्हणजे कॉपी," ते म्हणाले. "माया वर्गात कॉपी चालली नाई, सपरीतबी चालणार नाई."

सपरी म्हणजे घरापुढची ओसरी. तिथे खाट टाकलेली, खाटेवर पट, पटापलीकडे चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतलेले बाबा, आणि उशाला त्यांचा नागपूरहून आणलेला जाडजूड शब्दकोश. तो अंतिम निकाल. मोबाईलवर त्यांचा भरवसा नाही, कारण मोबाईलमध्ये कोणीही काहीही लिहितं.

पहिले काही महिने मी सारखा हरलो. जावई म्हणून मुद्दाम हरतोय असं बायको माहेरच्यांना सांगायची, पण तिलाही खरं काय ते माहीत होतं. बाबा एकेक लांबलचक शब्द मांडायचे आणि वर विचारायचे, "जवाईबापू, समजून राहिला ना?"

मग एकदा कँटीनमध्ये जेवताना मोबाईलवर मला माझं हत्यार सापडलं. या खेळात मोठ्या शब्दांपेक्षा चिमुकले शब्द जास्त उपयोगी पडतात, आणि इंग्रजीत असे दोन-दोन, तीन-तीन अक्षरांचे शब्द ढिगाने आहेत. त्यांचे अर्थही असे, की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस थापा मारतोय. पुढच्या सुट्टीत मी पटावर क्यू ठेवला आणि त्याच्या शेजारी आय.

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पटाकडे. "यू कुठं हाये?"

"यू नाही."

"जवाईबापू, क्यू एकटा फिरत नाई. क्यू नवरा आन् यू बायको, असं मी पोरायले शिकवलं."

"बायको माहेरी गेली असंन," मी म्हणालो. "उच्चार ची. चिनी लोकांच्यात अंगातल्या प्राणाला म्हणतात."

त्यांनी शब्दकोश उघडला. बोट खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. मग शब्दकोश मिटून म्हणाले, "चिन्यायनं घुसवला." पण गुण द्यावे लागले. त्याच दुपारी मी झेड आणि ओ ठेवून याक आणि गाईच्या संकराला पटावर बांधलं आणि पहिल्यांदा जिंकलो. बाबा संध्याकाळपर्यंत माझ्याशी फक्त हवापाण्याबद्दल बोलले.

हे सगळं आतून कुणीतरी ऐकत होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, आई वालाच्या शेंगा तोडत होत्या. मी दात घासत तिकडे गेलो. आमच्याकडे सासू जावयाशी फार बोलत नाही. दिसला की डोक्यावर पदर, आणि 'जेवून घ्या, जवाईबापू' एवढंच. त्या दिवशी मात्र त्यांनी पदर सावरला, सपरीकडे एक नजर टाकली आणि हळूच म्हणाल्या, "थे लहान लहान शब्द मले शिकवा."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"मी मॅट्रिकले इंग्रजीतच रायली," त्या म्हणाल्या. "बाकी समदे विषय सुटले. मंग लगन झालं, तं इंग्रजीच्या मास्तरासंगच. म्हटलं, आता शिकवतीन. अख्ख्या गावाच्या पोरायले शिकवलं यायनं. मी काही विचारलं का म्हणत, तुले कायले पाहिजे?"

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, मजा होती. पण शेंगा जरा जास्तच जोरात तुटत होत्या.

अक्षरं त्यांना येत होती. प्रश्न एवढाच होता की कोणते शब्द द्यायचे. मी मोबाईल काढला, शोधता शोधता थबकलो आणि मोठ्याने हसलो. इंग्रजीत आपलं अख्खं गणगोत बसलेलं होतं.

"आई, हे तर तुम्हाला आधीच येतात," मी म्हणालो. "के-ए-के-ए, काका. न्यूझीलंडचा पोपट."

त्यांनी तोंडाला पदर लावला. बाबांचे धाकटे भाऊ, म्हणजे बायकोचे काका, शेजारच्याच घरात राहतात आणि त्यांचं तोंड झोपेतच काय ते बंद असतं. "बरोबर हाये," आई म्हणाल्या. "आन् काकी?"

"जपानी फळ. आपल्या तेंदूच्या झाडाच्या टेंभरासारखं."

"ताई?"

"मासा."

"आजी?"

"तिखट मिरची. दक्षिण अमेरिकेतली."

"माया सासूले पायलं होतं वाटते त्यायनं," त्या म्हणाल्या आणि शेंगांची टोपली बाजूला ठेवून खाली बसल्या. "आन् आई?"

इथे मी जरा चाचरलो. "ए आणि आय. आई म्हणजे... एक जनावर आहे. झाडाला उलटं लटकून राहतं. दिवसभर झोपतं. काही काम करत नाही."

त्यांनी विचार केला. पहाटे उठून सडा, चूल, गुरं, धान, मग पुन्हा चूल करणाऱ्या बाई त्या. "हे मले आवडलं," त्या म्हणाल्या. "असा एखांदा दिवस आई व्हाले भेटलं पायजे."

बाबाचा अर्थ मी शेवटी सांगितला. तो ऐकून त्या इतक्या हसल्या की बायको धावत बाहेर आली. "विंचू दिसला," आई म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा तोडायला लागल्या.

पुढे दर सुट्टीला सांदवाडीत आमचा वर्ग भरायचा. त्या भाजी निवडता निवडता अक्षरं म्हणायच्या. मी नसलो तर फोन करून 'मिरचीत जे येते का जी?' असं विचारायच्या. बाबांना वाटायचं, भाजीचं काहीतरी चाललंय.

दिवाळीनंतर गावात मंडई होती, म्हणजे आमच्याकडची जत्रा. त्या दिवशी दंडारीची नाटकं, दुकानं, पाळणे, आणि घरोघरी पाहुणे. आमच्या सपरीतही साकोलीकडची पाच-सहा मंडळी जमली होती. जेवणं झाल्यावर बाबांनी पट काढला. पाहुण्यांसमोर जावयाला हरवावं असा त्यांचा बेत असणार. गुण लिहायला काका बसले.

तेवढ्यात आई हात पुसत बाहेर आल्या आणि खाटेच्या कडेला टेकल्या. "मलेबी द्या," त्या म्हणाल्या.

"काय?" बाबांनी विचारलं.

"ठोकळे."

बाबा हसले. पाहुणेही हसले. "अवं, हा इंग्रजीचा खेळ हाये."

"म्हणूनच तं म्हणून रायली."

पाहुण्यांसमोर नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. बाबांनी पिशवी पुढे केली. मी खाली मान घालून माझे ठोकळे लावत बसलो, कारण वर पाहिलं असतं तर फुटलो असतो.

आईंची सुरुवात वाईट झाली. त्यांनी मोठ्या हौसेने ए-जे-आय ठेवलं आणि 'मिरची' म्हणाल्या. बाबांनी शब्दकोश चाळला. मिरची त्यात नव्हती. माझ्या मोबाईलमध्ये होती, पण मोबाईलला मान नाही. त्यांना ठोकळे उचलावे लागले. "आजी म्हणे मिरची!" बाबा पाहुण्यांना म्हणाले. "पाहा आता, घरात इंग्रजी कशी चालते."

आईंचा चेहरा पडला नाही. उलट पदर कमरेला खोचला गेला. पुढच्या पाळीला त्यांनी नुसतं ए आणि आय ठेवलं.

"हे चालत नाई," बाबा लगेच म्हणाले. "हे मोबाईलमधलं ए-आय. संक्षिप्त रूप हाये."

"मोबाईलमधलं नोहोय. जनावर हाये. झाडाले उलटं लटकते, दिवसभर झोपते. पाहा पुस्तकात."

बाबांनी पाहिलं. पुस्तकात होतं. त्याच्या पुढच्या फेरीत आईंनी त्याच शब्दाच्या आधी एक टी चिकटवला. "ताई. मासा," त्या म्हणाल्या. पुस्तकात मासाही होता. मग कोरा ठोकळा वापरून काका मांडला.

"अर्थ?" बाबांचा आवाज आता बारीक झाला होता.

"पोपट."

गुण लिहिणाऱ्या काकांनी पेन खाली ठेवलं. "वहिनी, मी काय केलं तुमचं?"

पाहुणे हसून हसून लोळायला आले होते. मिरचीनंतर बाबांनी तीनदा शब्दकोश उघडला आणि तिन्ही वेळा तो आईंच्या बाजूने बोलला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्म्यावरून रोखून पाहण्याची ती नजर वर्गात कॉपी पकडणाऱ्या मास्तरांची होती. मी माझा एकुलता एक व्ही फार बारकाईने न्याहाळायला लागलो.

आईंनी एक बी सुरुवातीपासून राखून ठेवलं होतं. शेतकऱ्याघरची बाई, बी राखायची सवय. दुसरं बी हाती आलं तशी त्यांनी पटावर चार ठोकळे एकापुढे एक ठेवले. बी, ए, बी, ए.

बाबांनी वाचलं. पाहुण्यांनी वाचलं. बायकोने माझ्या दंडाला चिमटा काढला.

"अर्थ?" बाबा म्हणाले.

आता हे सांगायला हवं की आमचे बाबा म्हणजे गावातल्या दारूबंदीचे पुढारी. दर पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात त्यांचं त्यावर भाषण असतं. लग्नातही कुणी पिऊन आलं तर ते जेवायला बसत नाहीत.

आईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बाबा म्हणजे दारूत भिजवलेला केक."

काका खाटेवरून खाली घसरले. एका पाहुण्याच्या तोंडातली सुपारी उडाली. हसण्याचा एवढा गलका झाला की रस्त्याने मंडईत चाललेली माणसं दारात थांबून आत डोकावायला लागली. बाबा उठले. शब्दकोश काखेत मारला, चपला घातल्या आणि तळ्याच्या दिशेने चालते झाले.

हसणं हळूहळू ओसरलं. पाहुणे मंडईला निघून गेले. बायकोने मला आत बोलावून झाडलं. "तुमीच शिकवलं ना हे? चार माणसांत बाबांचं काय केलं? आता ते जेवणार नाहीत, बघा." मला खरंच वाईट वाटत होतं. मी बघून येतो म्हणून निघालो. आई सपरीतच बसून होत्या, मघाचा रंग चेहऱ्यावरून गेलेला. "रागावले असतीन," त्या म्हणाल्या. "त्यायले म्हणा, मी गंमत केली."

तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बाबा एका दगडावर बसलेले दिसले. मांडीवर शब्दकोश उघडा. मी घसा खाकरला. त्यांनी वर पाहिलं नाही.

"केक खरंच हाये," ते म्हणाले.

"हो."

"रममंदी भिजवते म्हणते." त्यांनी पान उलटलं. "कधीपासून शिकवून राहिले तिले?"

"श्रावणापासून."

"अर्थासकट पाठ केलं तिनं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माया वर्गात एवढं पाठांतर कोणाचं नव्हतं. मॅट्रिकले कशी रायली असन, समजत नाई." मग मला हाताने परत जायला सांगून ते पुन्हा पानात घुसले.

ते परत आले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. पट तसाच मांडलेला होता. ते खाटेवर बसले, आपल्या ठोकळ्यांतून तीन निवडले आणि पटाच्या कोपऱ्यात ठेवले. सी, एच, ए.

आईंनी मान तिरकी करून वाचलं. "अर्थ?" त्या म्हणाल्या.

"चा," बाबा म्हणाले. "आपलाच चा. इंग्रजायनं उचलला. पुस्तकात हाये, पाहून घे."

आईंनी शब्दकोश स्वतःकडे ओढला आणि बोट फिरवत शोधायला लागल्या. पहिल्यांदाच तो त्यांच्या हातात आला होता. सापडायला वेळ लागला.

"हाये," त्या शेवटी म्हणाल्या.

"मंग मांड चा."

"आता माई पाळी हाये," आई आपले ठोकळे चाळत म्हणाल्या. "तुमीच मांडा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. कोणीच उठलं नाही. मग ते उठले आणि चुलीकडे गेले. जरा वेळाने आतून भांडी पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ बाबांचा, "अवं, साखरेचा डबा कोणता?"

आईंचं लक्ष ठोकळ्यांत होतं. त्यांच्या हातात एक्स आला होता आणि त्याचं काय करावं, हे त्या मला खुणेने विचारत होत्या.