गाडी माझ्या दारात

आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला. हे मी आजही छाती ठोकून सांगतो. जळगावात डाळ मिलच्या मागं आमची गल्ली. तिथं लाइट गेली, रेशन अडलं, दवाखान्यात कुणी दाद दिली नाही, की लोक म्हणायचे, "त्याले बोलू द्या, तो शिकेल शे," म्हणजे शिकलेला आहे. मग मी फोन लावायचो आणि काम व्हायचं. माय ओट्यावर बसून ऐकायची. समोरचा मला 'सर' म्हणाला, की तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

नोकरीसाठी मी धुळ्याला आलो, तरी गल्लीचे फोन येतच राहिले.

दरम्यान शहरं हुशार झाली. चौकात पाटी लागली, ती हवा सांगायची, तापमान सांगायची, उन्हाळ्यात 'दुपारी घरातच थांबा' असंही सांगायची. आमचं घर पत्र्याचं. दुपारी आत थांबणं म्हणजे तव्यावर बसणं. "त्या पाटीले म्हना, ये आमना घर रहायले," असं माय म्हणायची.

त्या दुपारी शेजारच्या नानांचा फोन आला. "भाऊ, तुनी माय पडी गयी. तोंड वाकडं व्हयनं. बोलत नही शे."

"नाना, गाडी बोलवली का?"

"आम्हनं कोन ऐकस? तू बोल ना."

मी लगेच ॲम्ब्युलन्सच्या नंबरवर फोन लावला. धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांची एकच नवी सेवा होती. गाडी कुठं आहे ते मोबाइलवर दिसतं, अशी तिची जाहिरात मी पाहिली होती. मी गल्लीचा पत्ता सांगितला. मिल, पाण्याची टाकी, मारुतीचं देऊळ, सगळं. फोनवरची मुलगी म्हणाली, "सर, ही गल्ली मॅपवर दिसत नाही. लिंक पाठवते, दाबा." मी दाबली. 'ठिकाण मिळाले' अशी अक्षरं आली.

"गाडी निघाली, सर. पेशंटला हलवू नका."

मी नानांना तसंच सांगितलं. तेव्हा केळीची लोडिंग रिक्षा दारात उभी होती आणि मायला उचलून तिच्यात ठेवलंही होतं. मी गाडीवाल्यांशी बोलून दिलेला निरोप म्हणून त्यांनी तिला परत खाली उतरवलं आणि ओट्यावर निजवलं.

थोड्याच वेळात सायरन ऐकू आला. माझ्या खोलीखाली, धुळ्यात. पांढरी स्वच्छ गाडी, आत ऑक्सिजन, गार हवा, हातमोजे घातलेली दोन माणसं. आमच्या गल्लीत आयुष्यात इतक्या लवकर काही आलेलं नाही.

"पेशंट कुठंय?"

"जळगावला."

ड्रायव्हर मोबाइल दाखवू लागला. "पण दादा, लोकेशन तर इथलंच आहे." त्याचं काही चुकलं नव्हतं. ज्याच्या हातात फोन, पेशंट त्याच्याचजवळ असणार, असं त्या यंत्राला वाटत होतं. आमच्या गल्लीत एकजण आजारी पडतो आणि बोलणारा दुसरा असतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

मी नानांना फोन केला. ते पलीकडून विचारत होते, "गाडी कोठे उनी, भाऊ? आम्ही रस्तावर उभा शेतस."

"नाना, रिक्षात घाला. आत्ताच्या आत्ता."

मी जळगावच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "उशीर झाला. लवकर आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं." बोलणं हीच माझी कमाई होती आणि तिथं ती चालणार नव्हती.

माय जगली. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आता ती माझ्याकडे धुळ्यात असते. पाटीवर तोंडसुख घेणारी बाई दिवसभर भिंतीकडे बघत पडून असते. भरवताना घास ओघळतो, तो पुसू दिला तर देते, नाहीतर तोंड फिरवते.

परवा तिच्या उशाशी ठेवलेला माझा फोन वाजला. गल्लीतलाच होता. कुणाच्या तरी छातीत दुखत होतं. "भाऊ, तू बोल ना गाडीवालास्नी."

मी म्हणालो, "आधी रिक्षा. माणूस दवाखान्यात पोचू दे, मग मी बोलतो."

"पन तू शिकेल शे ना?"

"म्हणूनच सांगतोय. उचला त्याला."

मी फोन ठेवला. माय डाव्या हातानं तो पुन्हा माझ्याकडे सरकवत होती. मी गाडीवाल्यांशी बोलावं, हे तिला अजूनही हवं होतं.