उजव्या हाताची दोन बोटं

आधीच सांगतो, या पानावरचे अनुभव मी चहा पिताना करमणूक म्हणून वाचतो. कुणाला वळणावर बाई दिसते, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कुणीतरी येऊन बसतं… वाचायचं, हसायचं, कप विसळायचा. सतरा वर्षं दुबईत स्टोअर सांभाळलं. माझ्या डोक्यात सगळं नगावर चालतं — आले किती, गेले किती, शिल्लक किती. जे मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास नाही. तरी हे लिहितोय, कारण आठ महिने झाले, या प्रकाराचा मेळ काही केल्या लागत नाही आणि मला त्याचा भयंकर वैताग आला आहे. भीती वगैरे नाही. वैताग.

राहतो करामा भागात, एका जुन्या तीन मजली बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. मी, बायको स्मिता आणि मुलगी सई, वय बारा. कंपनीचं नाव सांगत नाही. अल क्वोजला वेअरहाऊस आहे, मशिनरी लाकडी पेट्यांत पॅक करून जहाजाने पाठवायची, हे काम. टेप, खिळे, पट्ट्या, हातमोजे सगळं तेव्हा माझ्या कुलपात असायचं.

आमच्या बिल्डिंगमधली मुलं दर ऑक्टोबरात हॅलोविन करतात. मला त्याचं कधीच कौतुक नव्हतं. भुतं आपणच दाराला टांगायची आणि वर गोळ्या आपणच वाटायच्या, हा कुठला न्याय? पण गेल्या वेळी मुलांनी दार सजवायची स्पर्धा ठेवली आणि नियम केला की विकतचं काही लावायचं नाही. प्लास्टिकचा एक भोपळा साठ दिरहम, म्हणजे चौदाशे रुपये, हे पाहिल्यावर मला तो नियम एकदम पटला. स्मिताने दुधाच्या रिकाम्या गॅलनवर काळ्या टेपने डोळे आणि दात चिकटवले, सईने अंड्यांच्या ट्रेमधून वटवाघळं कापली. मग सईने मला विचारलं, ऑफिसमधून काही स्केअरी आणता येईल का. वायफायचा पासवर्ड सोडला तर वर्षभरात तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी लगेच हो म्हणालो.

स्टोअरमध्ये हातमोज्यांचा एक खोका पडून होता. राखाडी मोजे, तळव्याला काळं रबर, पत्र्याच्या पट्टीने हात कापू नये म्हणून घालायचे. नव्या सेफ्टी ऑफिसरने दुसऱ्या जातीचे मोजे मागवले होते आणि हे स्क्रॅप करा म्हणून सांगितलं होतं. मी खोका घरी आणला. आत पॅकिंगच्या फोमचे तुकडे ठासले की मेलेल्या माणसाचे हात तयार. दार फोडून बाहेर आल्यासारखे लावायचे, दोन ओळींत सहा जोड. खर्च शून्य. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

आता मध्येच एक गोष्ट सांगायला हवी, सांगायची इच्छा नाही तरी. त्याच वर्षी मार्चमध्ये आमच्याकडे अपघात झाला होता. महादेव नावाचा पॅकर, सांगलीकडचा. पेटीला पत्र्याची पट्टी आवळताना पट्टी सुटली आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. रिपोर्ट मी लिहिला. ‘हातमोजे दिलेले असूनही घातले नव्हते.’ महादेवला गावी पाठवलं. ऑक्टोबरात त्याने परत अर्ज केला की पॅकर म्हणून नको, पेट्या मोजायला तरी घ्या. एचआरची तयारी होती, पण फाईलवर निष्काळजीपणाचा शेरा होता. म्हणून त्यांनी मला मेल टाकला — हातमोजे खरंच दिले होते का, सोमवारी सकाळपर्यंत कन्फर्म करा. ‘दिले होते’ म्हटलं की त्याचा अर्ज खलास. ‘नव्हते’ म्हटलं की माझी खुर्ची गेली. गुरुवारीच मी उत्तर टाईप करून ठेवलं होतं. येस, इश्यूड. फक्त पाठवायचं राहिलं होतं, आणि का राहिलं होतं ते मलाही कळत नव्हतं.

शनिवारी नाश्ता करून आम्ही हात भरायला बसलो. अकरापर्यंत बाराही हात दारावर होते. छान दिसत होते, खोटं कशाला बोलू. जेवायच्या आधी सई बाहेर डोकावली आणि म्हणाली, एक हात खराब झालाय. वरच्या ओळीतला, उजव्या हाताचा मोजा. अंगठा आणि दोन बोटं टम्म, बाकीची दोन चपटी, लोंबत असलेली. मी सईवर करवादलो, की काम करायचं तर नीट करावं.

“आय डिडन्ट फिल दॅट वन, बाबा. यू डिड.”

असेल. मी मोजा काढला, फोम ठासून भरला, परत लावला. जेवण झालं, डुलकी झाली, चहाला उठलो… तीच दोन बोटं रिकामी. खाली जमिनीवर फोमचा कण नाही. मला वाटलं, बिल्डिंगमधली पोरं चेष्टा करताहेत. मी तो मोजा फेकला आणि खोक्यातून नवा घेतला. रविवारी सकाळी दार उघडलं तर नवा मोजा शाबूत आणि खालच्या ओळीतला दुसरा एक चपटा. तोही उजव्या हाताचा. करंगळी आणि तिच्या शेजारचं.

तुम्ही जे म्हणाल ते सगळं माझं त्या सकाळीच म्हणून झालंय. उकाड्याने रबर आकसलं असेल. फोम दबला असेल. मांजर असेल. ठीक आहे, पण मग बारा हातांत मिळून साठ बोटं आहेत, फोम दबायला दरवेळी हीच दोन का? आणि ती दबत नव्हती, रिकामी होत होती. भरलेला फोम जात कुठे होता?

माझं डोकं फिरलं. मी सईचे रंगीत पेन्सिलींचे तुकडे घेतले, त्या दोन बोटांत घट्ट बसवले आणि बोटांच्या मुळाशी सुईदोऱ्याने शिवून टाकलं. गोणी शिवायची सवय आहे मला, माझी शिवण उसवत नाही. मोजा दारावर लावला आणि समोर जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो. भर सकाळी साडेदहाला, बर्म्युडा घालून, स्वतःच्या दारावर पहारा! शेजारचे केरळी अंकल दळण घेऊन वर आले, माझ्याकडे बघत आत गेले. वीस मिनिटांनी स्मिताने उपमा गार होतोय म्हणून हाक मारली. मी आत गेलो, चार घास खाल्ले, बाहेर आलो.

दोन्ही बोटं चपटी होती. शिवण जशीच्या तशी. पेन्सिलींचे तुकडे मोज्याच्या आत तळव्यात, शिवणीच्या अलीकडे. बाहेर पडायला, सरकायला सुईएवढी जागा नाही. मी दोरा दोनदा तपासला.

सईला आनंद झाला होता. तिचं म्हणणं, मोजा असाच ठेवू, फारच क्रीपी दिसतोय, आपणच जिंकणार. मी तो ओरबाडून काढला आणि नको ते बोललो तिला. ती आत निघून गेली. स्मिता दारात उभी होती. तिने शांतपणे विचारलं, “महादेवची कुठली बोटं गेली होती?”

मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? ती म्हणाली, मी संबंध विचारलाच नाही.

मला इतका राग आला की दोरा कापून, पेन्सिली झटकून मी तो मोजा दोघींच्या समोर हातात घालायला घेतला. बघा, साधा मोजा आहे, पाच बोटांचा! अंगठा गेला. पहिलं बोट गेलं, मधलं गेलं. पुढची दोन जाईनात. बोटांच्या तोंडाशी येऊन अडायची, जसं समोर काही भरलेलंच आहे. मी जोर लावला, नखं दुखली. मोजा उलटा केला, आत काही नाही, दोन्ही बोटं मोकळी. सुलटा करून परत घातला… नाही. सई तोवर बाहेर आली होती. तिने माझ्या हातातून मोजा घेतला आणि घातला. पाचही बोटं आरामात गेली, वर तिने ती हलवून दाखवली. स्मिताने घातला. तिचीही गेली. मी पुन्हा घेतला. माझी नाही.

मी मोजा टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसलो. मग स्मिताला खरं सांगितलं. सई तिथेच होती, तिला आत जा म्हणायचं सुचलं नाही. महादेवचे जुने मोजे फाटले होते. त्याने माझ्याकडे नवे दोनदा मागितले होते. मी म्हटलं होतं, नवा महिना लागू दे, तोवर चालवून घे. माल लवकर संपला की मॅनेजर मला ऐकवायचा, एवढंच कारण. मोजे होते. हाच खोका, माझ्या टेबलाखाली, न उघडलेला. अपघातानंतर रिपोर्ट लिहायला बसलो आणि मी ते वाक्य लिहिलं.

स्मिता मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. सई म्हणाली, “सो फिक्स इट, बाबा.” जणू दाराची कडी निघाली आहे. मी मोबाईल काढला, ते टाईप केलेलं उत्तर खोडलं आणि सगळं जसं झालं तसं लिहून पाठवलं.

पुढचं आटोपतं सांगतो. मला लेखी समज मिळाली, स्टोअर काढून घेतलं, आता गेटवर पास लिहितो. महादेव फेब्रुवारीत कामावर आला. मोजा मी सेफ्टी ऑफिसरला दाखवला, केरळी अंकलना दाखवला, दोन मित्रांना दाखवला. सगळ्यांचे हात नीट जातात आणि सगळे माझ्याकडे काळजीने बघतात. मेल पाठवल्यावर मी स्वतः पुन्हा हात घालून पाहिलेला नाही. घालावासा वाटत नाही. पेन्सिली शिवणीतून आत कशा आल्या, माझीच बोटं का अडली, मला माहीत नाही. कुणी मला भूत म्हणून सांगायला आलं तर तेही पटत नाही, कारण ज्याची ती बोटं, तो माणूस जिवंत आहे, रोज कामावर येतो.

त्या रविवारचा फोन मात्र सांगायचा राहिला. मेल गेल्यावर मी महादेवला फोन लावला. चार वाजले असतील, त्याच्याकडे साडेपाच. मी सांगितलं, तुझे मोजे मी अडवून ठेवले होते आणि रिपोर्टात खोटं लिहिलं.

“ठावं हाय साहेब,” तो म्हणाला. “खोका तुमच्या टेबलाखाली दिसायचा की.”

मग बोलला का नाहीस, असं विचारायची माझी लायकी नव्हती तरी विचारलं. तो म्हणाला, तिथं आपल्या भाषेत बोलायला तुम्हीच होता, कुणाला सांगू? मग म्हणाला, “एक करा. हे माझ्या बायकोला सांगा. सात म्हैनं झालं, ती मला म्हणती, तुम्हीच मोजं घातलं नसणार. माझ्यावर इश्वास नाय तिचा, कागदावर हाय.”

फोनवर एक बाई आल्या. मी त्यांना वहिनी म्हणालो आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी विचारलं, “मागितलं हुतं का ह्यांनी?”

“हो,” मी म्हणालो. “दोनदा.”

फोन त्यांनी कुठेतरी ठेवला असावा, कारण लाईन चालूच होती आणि मला ऐकू येत होतं. त्या त्याला म्हणत होत्या, “आन् मी पोरांम्होरं तुमास्नी काय काय बोलले…” तो म्हणत होता, असू दे, असू दे गं. त्या पुन्हा तेच म्हणत होत्या. मला फोन बंद करता येईना. शेवटी स्मिताने तो माझ्या हातातून घेतला आणि बंद केला. बाहेर सई उरलेले अकरा हात दारावर नीट लावत होती, स्पर्धेची मुलं जिना चढून वर येत होती.