वीतभर वर बसलेली पट्टी

अरविंद गेल्याचं मला लंडनमध्ये, क्रॉयडनच्या ट्राममध्ये कळलं. त्याची बायको मेधा हिचा मेसेज दोन ओळींचा होता : झोपेतच गेला, सोमवारी अंत्यविधी. पुण्यात आम्ही एका वर्गात होतो. मी बातमीदार झालो, तो पाण्याचा इंजिनिअर. नोकरीने त्याला स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, नदीकाठच्या एका छोट्या गावात नेलं आणि निवृत्तीनंतरही तो तिथेच राहिला.

तिथल्या कौन्सिलने पूल दुरुस्त करताना खांबावरची पाणी मोजायची पट्टी काढून पुन्हा बसवली. अरविंदच्या मते ती वीतभर वर बसली होती. म्हणजे पाणी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसणार, पुराचा इशारा उशिरा मिळणार. काठावर अकरा घरं. त्यातलं एक त्याचं. तो रोज सकाळी मागच्या पायरीवरून टेपने पाणी मोजायचा आणि वहीत लिहायचा. त्याच्या तक्रारीला कौन्सिलचं उत्तर एका ओळीचं होतं : पट्टी बरोबर आहे.

गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. "छाप की आता."

"दुसरा सोर्स दे."

"नदी आहे ना!"

"नदी कोट देत नाही, अरविंद."

"तू पत्रकार आहेस की कौन्सिलचा जावई?"

मी हसलो, पण छापलं नाही. खरं तर मला संशय त्याचाच होता... रिकामपणी माणसाला भांडायला कुणीतरी लागतं, असं वाटलं.

अंत्यविधीनंतर मी मेधाकडे बसलो असताना शेजारची मोरा चहाला आली. वय ऐंशीच्या पुढे. तिच्या नवऱ्याने होडी बांधायच्या खुंटावर पाणी मोजायला खाचा पाडल्या होत्या. तिथलं पाणी आणि पुलावरचा आकडा ती वर्षानुवर्षं कॅलेंडरवर टिपत होती. दुरुस्तीपर्यंत दोन्ही जुळत होते. नंतर फरक वीतभर.

"मग त्याला कधी सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"रोज वही घेऊन उभा! मला वाटलं, कौन्सिलचाच माणूस."

मेधा म्हणाली, "त्याला तुमचा संशय होता. तुमचा भाचा कौन्सिलमध्ये ना..."

अरविंद आणि मोराच्या घरांमध्ये कमरेएवढं कुंपण होतं.

बातमी गेल्या आठवड्यात छापून आली. कौन्सिल 'तपासणी करत आहे'. तोवर मोरा रोज पाणी मोजून अरविंदच्या वहीत लिहिते. तिने टेप गुंडाळली की मेधा तीच टेप घेऊन पुन्हा मोजते.

"विश्वास नाही का?" मी फोनवर विचारलं.

"आहे. पण त्याने पुन्हा मोजलंच असतं."